अपस्मार आहे आणि आवाज सोसत नाहीत : कान झाकून घ्यावेत की सवय करावी?

प्रश्न : पाचपाखाडीकर (ठाणे)

नमस्कार. मला वयाच्या १९व्या वर्षापासून अपस्मार (आकडी येण्याचा आजार) आहे आणि आज मी ३४ वर्षांची आहे. झटके मेंदूच्या डाव्या टेम्पोरल भागातून सुरू होतात, असे ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) आणि एमआरआय पाहून डॉक्टरांनी सांगितले होते. गोळ्या नियमित चालू आहेत आणि शेवटचा मोठा झटका येऊन १४ महिने झाले आहेत, त्यामुळे घरातल्यांच्या दृष्टीने मी आता बरी आहे. मात्र गेल्या वर्षभरात आवाज सोसण्याची माझी ताकद इतकी कमी झाली आहे की त्याचे काय करावे हे मला कळेनासे झाले आहे.

परवा संध्याकाळी डाळ-भाताचा कुकर लावून मी कोथिंबीर निवडत होते. पहिली शिट्टी झाली तेव्हा हातातली जुडी खाली पडली, ती उचलायला वाकले तोच कोपर लागून ओट्यावरचे ताट पडले, आणि त्या खणखणाटाने मी तिथेच फरशीवर कान दाबून बसले. नंतर पाचेक मिनिटे घरातले सगळे आवाज, अगदी पंख्याचासुद्धा, कोणीतरी बटण फिरवून वाढवल्यासारखे येत होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त गॅस बंद करून निघून गेल्या, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागले.

नोकरीसाठी मी ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने घणसोलीला जाते. फलाटावरच्या उद्घोषणा, गाडीचा भोंगा, आणि घरी परतल्यावर आमच्या जुन्या लिफ्टमधला "कृपया दरवाजा बंद करा" हा घोष, या सगळ्यांतून पार पडेपर्यंत मी गळून गेलेली असते. आता गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत आणि मंडळाचा मांडव दरवर्षी आमच्या इमारतीच्या फाटकाशेजारीच असतो.

मला विचारायचे आहे ते असे. आवाजाने खरोखरच झटका येतो का, की ही माझी भीती आहे? दिवसभर कानात बोळे घालून राहिले तर चालेल का? आणि ज्यांना हे दिसत नाही त्या घरच्या माणसांना ते समजावून कसे सांगावे? स्वतःच्या अनुभवातून कोणी सांगू शकले तर बरे होईल.

उत्तर १ : सेक्टर अठरा (नेरुळ)

ताई, मला अपस्मार होऊन आता २२ वर्षे झाली. तुमच्या पहिल्या प्रश्नावर मी स्वतः अनेक वर्षे चुकीचे उत्तर धरून बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या वसाहतीत नवरात्रात गरबा असतो आणि लागोपाठ तीन वर्षे मला त्याच नऊ दिवसांत झटका आला. ध्वनिक्षेपकाच्या दणक्यानेच हे होते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग डॉक्टरांनी मला एक साधी वही करायला सांगितली : रात्री किती वाजता झोपलो, मधे किती वेळा जाग आली, गोळी किती वाजता घेतली, जेवण कधी झाले, कोणता आवाज त्रासदायक वाटला आणि त्यानंतर काय झाले. चौथ्या वर्षीच्या नवरात्रात वही भरली तेव्हा चित्र वेगळेच निघाले. गरबा असलेल्या संध्याकाळी, अगदी आवाज टिपेला पोहोचलेला असताना, मला एकदाही काही झाले नव्हते. झटका आला तो सातव्या दिवशी पहाटे. आधीच्या चार रात्री मी जेमतेम चार-चार तास झोपलो होतो, उपवासामुळे जेवणाची वेळ सरकली होती आणि जेवणानंतर घ्यायची रात्रीची गोळी दोनदा साडेअकराच्या पुढे गेली होती.

आवाज निर्दोष होता असे मी म्हणत नाही, पण त्याने मला मारले ते झोपेच्या मार्गाने. झोपमोड आणि चुकलेली गोळी ही झटक्याची सर्वांत नेहमीची कारणे आहेत, हे प्रत्येक डॉक्टर सांगतो आणि आपण प्रत्येक जण मान डोलावून विसरतो. तेव्हापासून नवरात्राचे नऊ दिवस मी रस्त्याकडची खोली सोडून मागच्या खोलीत झोपतो आणि गोळीचा गजर थरथरणाऱ्या घड्याळावर लावतो, म्हणजे गजराच्या आवाजाने दचकणेही वाचते.

मिरवणुकीबाबत आणखी एक. डीजेच्या गाडीवर आता आवाजाच्या जोडीला लुकलुकणारे झगमगीत दिवेही असतात. प्रकाशाच्या लुकलुकण्याने झटका येणारे रुग्ण साधारण शंभरात तीनच असतात, पण आपण त्यांपैकी आहोत का हे ईईजीच्या वेळी दिवा लुकलुकवून तपासलेले असते. तुमच्या अहवालात ते पाहून घ्या. असे दिवे अचानक समोर आलेच तर नुसते डोळे मिटण्यापेक्षा एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे, असे मला शिकवले आहे.

उत्तर २ : घोडबंदरकर

मेट्रोच्या कामाच्या वर्षांत मी आवाज बंद करणारे चांगले हेडफोन घेतले आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावून ठेवले. मला तरी त्याने शांतता मिळाली. पैसे असतील तर फार विचार न करता घ्यावेत असे माझे मत आहे.

उत्तर ३ : श्रवणतज्ज्ञ (वाशी)

मी व्यवसायाने ऑडिओलॉजिस्ट आहे. वरच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. तो का पटत नाही हे सांगण्याआधी मात्र प्रश्नकर्त्या ताईंच्या लिहिण्यातील एका वाक्यावर मी थांबू इच्छिते, कारण माझ्या मते या संपूर्ण चर्चेत तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

"कोणीतरी बटण फिरवून वाढवल्यासारखे" असे आपण लिहिले आहे. श्रवणाचे केंद्र मेंदूच्या टेम्पोरल भागाच्या वरच्या पट्ट्यात असते. त्या परिसरातून सुरू होणाऱ्या झटक्यांत काही जणांना आधी गुणगुण किंवा घंटी ऐकू येते, काहींना आवाज एकाएकी मोठे झाल्यासारखे किंवा दूर गेल्यासारखे वाटतात. हा पुढच्या झटक्याचा नुसता इशारा नसून शुद्ध शाबूत ठेवून आलेला तो छोटा झटकाच असतो. आपल्याला जाणवते ते असे आहे की निव्वळ आवाजाची असहनशीलता आहे, हे दुरून ठरवता येणार नाही, पण फरक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. बाहेर कोणताही मोठा आवाज नसतानाही असे कधी होते का? ते दर वेळी सारख्याच पद्धतीने सुरू होऊन अर्ध्या-एक मिनिटात बंद होते का? सोबत पोटातून काही वर चढल्यासारखे, किंवा हे आधी घडून गेले आहे असे वाटते का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर गणपतीची वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञांना सांगावे, कारण तसे असल्यास "१४ महिने झटका नाही" हा हिशेब बदलतो आणि गोळ्यांचा विचारही बदलू शकतो. ओट्यापाशी जे पाच मिनिटे टिकले ते अशा छोट्या झटक्याच्या मानाने लांब वाटते, इतकेच मी म्हणेन.

आता आवाजाने झटका येतो का याबद्दल. येऊ शकतो, पण क्वचित. विशिष्ट संगीताने येणाऱ्या झटक्यांना १९३७ साली मॅक्डोनाल्ड क्रिचली या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञाने म्युझिकोजेनिक एपिलेप्सी असे नाव दिले. त्यात आवाजाच्या मोठेपणापेक्षा एखादी चाल किंवा तिच्याशी जोडलेली भावना महत्त्वाची ठरते. दुसरा प्रकार दचकण्यातून येणाऱ्या झटक्यांचा आहे. तिथेही आवाज किती मोठा यापेक्षा तो किती अनपेक्षित हे जास्त मोजले जाते. बहुसंख्य रुग्ण या दोन्हींत बसत नाहीत. त्यांचा त्रास खरा असतो, पण तो हायपरअॅक्युसिसचा, म्हणजे साधे आवाजही असह्य वाटण्याचा असतो, किंवा अपस्मारासोबत पुष्कळदा असणाऱ्या अर्धशिशीचा असतो, किंवा झटक्याची धास्ती मनात बसल्याने सतत सावध राहणाऱ्या शरीराचा असतो. तिन्ही एकत्रही असतात.

दिवसभर कान झाकण्याबाबत माझे स्पष्ट मत आहे की ते करू नये. आत येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवू लागतो, जसे मंद ऐकू येणाऱ्या रेडिओचे बटण आपण वर करतो. निरोगी कानांच्या लोकांना दोन आठवडे बोळे घालायला लावून हे तपासले गेले आहे. बोळे काढल्यावर त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले, तर जे तेवढेच दिवस मंद, एकसारखा आवाज ऐकत राहिले त्यांची सहनशक्ती उलट वाढली. म्हणून उपचारात आम्ही शांतता देत नाही, हलका आवाज देतो. पंखा, खिडकीबाहेरचा पाऊस, मोबाइलवरची समुद्राची गाज, जेमतेम ऐकू येईल इतकी आणि दिवसातले काही तास. घोडबंदरकरांना मिळालेली शांतता मी नाकारत नाही. हेडफोन काढल्यावर घरातला मिक्सर त्यांना पूर्वीपेक्षा कसा वाटतो, एवढे मात्र त्यांनी प्रामाणिकपणे पाहावे.

बोळे टाकून द्या असेही मी म्हणत नाही. मांडवाशेजारून जाताना, विसर्जनाच्या रात्री झोपताना, शेजारी भिंतीला भोके पाडली जात असताना ते जरूर घालावेत. फोमचे बोळे बोटांनी बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवावे लागतात आणि फुगेपर्यंत धरून ठेवावे लागतात. पाकिटावर ३० डेसिबलच्या आसपासचा आकडा असला तरी अर्धवट बसवलेल्या बोळ्याने त्याचा थोडाच भाग पदरात पडतो. फलाटावर आणि रस्ता ओलांडताना मात्र पूर्ण बंद करणारे बोळे नकोत. तिथे आवाज फक्त थोडा उतरवणारे, बोलणे ऐकू देणारे बोळे मिळतात, ते बरे.

कानाची तपासणी करून घ्यावी. कोणत्या पट्टीतला किती आवाज असह्य होतो हे मोजता येते. बहुतेकांना ९० ते १०० डेसिबलच्या पुढे नकोसे वाटू लागते, तुमचा आकडा ६० वर आला तर घरच्यांना दाखवायला कागद हाती येईल. कधीकधी अशा कागदाने जे होते ते तासभर समजावण्याने होत नाही.

आणि औषधांबद्दल एक. कार्बामाझेपिन घेणाऱ्या काही जणांना ओळखीचे सूर उतरल्यासारखे ऐकू येतात, तर लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड इतकी वाढते की भांड्याचा आवाजही अंगावर आल्यासारखा वाटतो. त्रास सुरू झाला त्याच सुमारास गोळी किंवा तिची मात्रा बदलली होती का, ते आठवून डॉक्टरांना सांगावे. स्वतःहून एकही गोळी कमी करू नये.

उत्तर ४ : सेक्टर अठरा (नेरुळ)

सूर उतरल्याची गोष्ट वाचून मी थक्क झालो. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. काही वर्षांपूर्वी नवी गोळी सुरू झाल्यावर महिनाभर मला काळी एक दाबली की पांढरी एक, म्हणजे अर्धा सूर खाली, ऐकू येई. मी पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे दोन खेपा घातल्या, त्याने दोन्ही वेळा पेटी सुरात आहे असे सांगितले, आणि मी त्याच्यावरच संशय घेतला. ती गोळी कार्बामाझेपिनच होती.

उत्तर ५ : खाडीपलीकडची आई (कळवा)

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे आणि त्याला वर सांगितलेला दुसरा प्रकार, म्हणजे दचकण्यातून येणारे झटके आहेत. म्हणून घरच्यांविषयीच्या तुमच्या प्रश्नावर मी थोडे सांगू शकते.

आमच्या घरात आवाज कमी झालेले नाहीत, ते अचानक येणे कमी झाले आहे. मिक्सर लावण्याआधी त्याचे आजोबा "लावतोय रे" अशी हाक देतात. मोठ्या शिट्टीचा कुकर गेला आणि त्याच्या जागी विजेवर चालणारा, हळूच वाफ सोडणारा आला. ताटे-वाट्या घासताना सिंकमध्ये रबराची जाळी घातलेली असते. दारावरची घंटा काढून टाकली आणि "फोन करावा" अशी पाटी लावली. आल्या-गेल्याला ती उद्धट वाटते, वाटो. शाळेत तास संपल्याची घंटा अगदी त्याच्या वर्गाच्या दाराशी होती. वर्गशिक्षिकांनी त्याचा बाक दुसऱ्या टोकाला हलवला आणि भिंतीवरच्या घड्याळात घंटेची वेळ कशी ओळखायची हे त्याला शिकवले. आता काटा जवळ आला की तो स्वतःच तयार होतो. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बवर मात्र आमच्यापाशी उपाय नाही. ते चार दिवस आम्ही गावी आजोळी काढतो.

सासूबाईंबद्दल लिहू का, हा विचार करून लिहिते. त्या गॅस बंद करून निघून गेल्या, एवढ्यावरून त्या रागावल्या असे तुम्ही धरून चालला आहात. माझ्या सासूबाई सुरुवातीला असेच करत, आणि पुष्कळ दिवसांनी कळले की मुलाला काही झाले तर आपल्या हातून काही चुकेल या भीतीने त्यांचे हातपाय गळत. त्यांच्या लहानपणी गावात आकडी आलेल्याच्या नाकाला कांदा आणि चप्पल लावताना त्यांनी पाहिले होते, आणि आता त्यातले काही करायचे नाही म्हटल्यावर करायचे तरी काय, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी त्यांना शेजारी बसवून कुशीवर कसे वळवायचे, तोंडात चमचा-बोट काही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे आणि झटका पाच मिनिटांपुढे गेला तर रुग्णवाहिका बोलवायची, एवढे करून दाखवले. हाती काम आल्यावर माणूस बदलते. मिक्सरआधी हाक देण्याची कल्पना नंतर त्यांचीच निघाली.

उत्तर ६ : गृहसंस्थेचा सचिव (नौपाडा)

वैद्यकीय बाजू वर आलीच आहे, मी फक्त मांडवाचे बोलतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकते आणि गणपतीतले काही दिवस त्यात धरले जातात. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत सरकारने जाहीर केलेल्या शांतता क्षेत्राचे नियम आणखी कडक आहेत, तेव्हा तुमचे फाटक अशा क्षेत्रात येते का ते पाहा.

ठाण्याच्याच एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला निकाल आणि जानेवारी २०२५ मधला निकाल, दोन्हींचा रोख स्पष्ट आहे : ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, आणि तक्रार करणाऱ्याची ओळख पोलिसांनी उघड होऊ देऊ नये. ११२ वर फोन करता येतो.

असे असले तरी मी तुम्हाला आधी फोन करायला सांगणार नाही. आमच्या इमारतीत एका आजोबांसाठी मी मंडळाच्या पोरांना मांडव उभा राहण्याआधी भेटलो आणि "आवाज कमी करा" असे न म्हणता कर्ण्यांची तोंडे रस्त्याकडे फिरवा आणि आरतीच्या वेळा लिहून द्या, असे दोनच मुद्दे मांडले. दोन्ही झाले. मांडव उभा राहून तारा ओढून झाल्यावर तेच काम भांडणाचे झाले असते. विसर्जनाचा दिवस यात धरू नका, त्या दिवशी कोणी कोणाचे ऐकत नाही. शक्य असेल तर त्या रात्री नातेवाईकांकडे जाऊन झोपावे, गोळ्या बरोबर घेऊन.

प्रश्नकर्तीचे लेखन : पाचपाखाडीकर (ठाणे), १२ दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. वही सुरू केली आहे आणि १२ दिवसांची पाने समोर ठेवून लिहीत आहे. त्यात "बटण वाढल्यासारखे" सहा वेळा नोंदले गेले. चार वेळा आधी काहीतरी दणका होता. दोन वेळा मात्र मी गाडीत खिडकीशी शांत बसले होते, ऐरोलीच्या पुढे खाडीचे पाणी दिसत होते, आणि आवाज मोठे होऊन थोड्याच वेळात पूर्ववत झाले. हे मी एरवी दमणुकीवर ढकलले असते. डॉक्टरांना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी वही घेऊन लगेच यायला सांगितले आणि पुन्हा ईईजी करायचे ठरले आहे. त्यामुळे त्या दोन नोंदींचा अर्थ काय हे अजून कळायचे आहे. कानाची तपासणी त्याच आठवड्यात आहे.

मंडळाचे अध्यक्ष आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, हे मी इतकी वर्षे ध्यानात घेतले नव्हते. कर्णे फिरवण्याचे त्यांनी मान्य केले. आरती साडेआठला असेल, "पण प्रमुख पाहुणे आले तर थोडे मागे-पुढे", असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगून ठेवले आहे. विसर्जनाच्या रात्री मी मुलुंडला आईकडे जाणार आहे.

सासूबाईंना कळवेकर ताईंचे उत्तर वाचून दाखवले. कांदा-चप्पल ऐकल्यावर त्या हसल्या आणि मग त्यांच्या माहेरच्या एका मुलीची गोष्ट सांगू लागल्या, जी त्यांनी या घरात आजवर कधी काढली नव्हती. कुकर अजून जुनाच आहे. फक्त आता शिट्टी भरत आली की त्या स्वयंपाकघरातून "येतेय गं" असे ओरडतात, तेही चांगले खड्या आवाजात, आणि मी शिट्टीच्या आधी त्या हाकेनेच दचकते. त्यावर काय करावे याचा आम्ही दोघी मिळून विचार करत आहोत.